मालधक्क्यासमोरची जागा

मालेगावात रेल्वे नाही. गाडी पाहायची तर वाशीमला जावं लागतं. आमच्या घरात मात्र समोरची अख्खी खोली रेल्वेनं खाल्ली आहे. पाव्हणा आला तर त्याला बसवायचं कुठं हा प्रश्न, पण गाडीला दोन लाईनी, डबे बाजूला लावायला एक सायडिंग, माल उतरवायला एक मालधक्का, सगळं ऐसपैस. मी जन्मभर मानोऱ्याकडच्या तांड्यांवरच्या शाळांत पोरं शिकवली, एसटीत उभ्यानं प्रवास केला, आणि निवृत्तीनंतर जरा बूड टेकवू म्हटलं तर घरात हे. आधी मी लय चिडायची. आता तेवढा दम राहिला नाही.

आमचे हे रेल्वेत मालबाबू होते. म्हणजे मालगाडीत काय चढलं, काय उतरलं ते पाहणारे बाबू. निवृत्त झालेली माणसं देवधर्म करतात, पोहरादेवीला जातात, नाहीतर चौकात बसून सरकारला शिव्या देतात. यांनी सुताराकडून प्लायवूडचं टेबल करून घेतलं आणि वीतभर लांबीचं इंजिन बाहेरून मागवलं. डबे पुठ्ठ्याचे स्वतः केले. रूळ टाकून झाले तेव्हा मी म्हटलं, झालं एकदाचं, आता फिरवा गाडी. तर म्हणाले, नुसती गरगर फिरवून काय करू, ती चालते कायले ते तर ठरू दे. मोबाईलवर परदेशातले लोक आपापली टेबलं दाखवतात, त्यांत कोळशाच्या खाणी, लाकडाच्या वखारी, जहाजाची बंदरं. ते पाहून हे हसायचे. आपल्या टेबलावर आपल्या भागात जे आहे तेच यायचं, असा यांचा हट्ट. एकच पालुपद दिवसभर.

"काय येते, काय जाते, आन् उचलते कोण? हे तीन सांगता आलं त गाडी खरी. नाई त खेळणं."

मी पोळ्या लाटता लाटता हो हो म्हणायची. ऐकायची थोडीच.

मग मागच्या साली, दिवाळीच्या तोंडावर, त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय फरफटत राहिला, आणि वाचा गेली. गेली म्हणजे सगळी गेली असती तरी मी समजून घेतलं असतं. पण एक शब्द मागं राहिला. "नाई." चहा देऊ का, नाई. झोपता का, नाई. आणि खरंच चहा पाहिजे असला तरी नाईच. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादाच शब्द तोंडात अडकून राहतो, धीर धरा. धीर धरायला माझं काय जातं? पण बाप्पा, दिवसातून शंभरदा ज्या बाईला नवऱ्याकडून नाई ऐकावं लागतं, तिला विचारा.

मी त्यांना उठवते, बसवते, आंघोळ घालते, घास भरवते. तुरीच्या पोत्याएवढं माणूस एका अंगानं उचलायचं म्हणजे कमरेचा भुगा होतो. मदतीला माणूस ठेवून पाहिलं. पहिल्यानं घास पुढं केला की हे दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटून घ्यायचे. दुसऱ्यानं आंघोळीला हात धरला तर डाव्या हातानं बादली लोटून दिली. तिसरा तर दोन दिवसांत न सांगता पळाला, त्याची चप्पल अजून दाराशी आहे. माझ्याशिवाय कोणाचा हात यांना चालत नाही. बायाबापड्या येऊन म्हणतात, केवढं नशीब तुमचं, तुमच्यावाचून त्यांचं पान हालत नाही. मनात म्हणते, हे नशीब तुमी घेऊन जा.

त्यातच माझे डोळे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आधी दिव्याभोवती कडं दिसायचं, मग चहात साखरेऐवजी मीठ गेलं, मग यांच्या गोळ्यांची पाकिटं दारात नेऊन उजेडात धरावी लागायला लागली. अकोल्याच्या डॉक्टरनं सांगितलं की पिकलाय, आता थांबू नका, आणखी थांबलात तर ऑपरेशनही अवघड होईल. ऑपरेशन झालं की काही दिवस वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. मी विचारलं, नवरा उचलला तर चालतो का? डॉक्टर हसले. मी काही विनोद केला नव्हता. तारीख घ्यायची आणि पुढं ढकलायची, असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा ढकलली असती तर मग मला आंधळी म्हणूनच यांची सेवा करावी लागली असती, आणि चुकीची गोळी यांच्या तोंडात गेली असती तर तीही करायची राहिली नसती.

पुण्याची लेक फोनवर रोज एकच म्हणायची. आई, बाबांचं मन कशात तरी गुंतव. गुंतलं की दुसऱ्या माणसाचा हात लागला तरी त्यांना कळणार नाही. ते टेबल पूर्ण करा ना दोघं मिळून. बोलायला सोपं. पुन्हा वरून तिनं हौसेनं एक खोकं पाठवलं, त्यात कोळशाची खाण आणि कोळसा चढवायची क्रेन. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. पण लेकीच्या म्हणण्यात खोट नव्हती, म्हणून मी त्यांची खुर्ची टेबलापाशी ओढली आणि पदर खोचला.

आता आमच्याकडं काहीही मांडायचं म्हटलं की बाईच्या हाताला एकच मांडणी ठाऊक, महालक्ष्म्यांची. भादव्यात महालक्ष्म्या बसल्या की त्यांच्यापुढं बोटभर जागा रिकामी सोडत नाहीत. फराळ, फळं, मातीचे बैल, पोरांची खेळणी, जे घरात असेल ते मांडायचं. रिकामी जागा दिसली की आलेली बाई म्हणणारच, हे काय व बाई, इथं काही नाही वाटते. मी तशीच मांडत सुटले. पुठ्ठ्याचा जिन केला, म्हणजे कापसाची सरकी काढून गाठी बांधायचा कारखाना. तेलगिरणी केली, दालमिल केली, खताचं गोदाम केलं. कोपऱ्यात देऊळ, त्यापुढं यात्रेची माणसं. लेकीचं मन मोडू नये म्हणून कोळशाची खाणही बसवली. टेबल असं गच्च भरलं की शेजारणी पाहून गेल्या आणि म्हणाल्या, लय शोभते. यांनी सगळ्यावरून डोळे फिरवले आणि म्हणाले, "नाई."

मला रडू आलं. पण मी मास्तरीण आहे, चुकलेलं गणित पुसून पुन्हा मांडणं माझ्या हाडात आहे. दुसऱ्या दिवशी एकेक वस्तू त्यांच्यापुढं धरत गेले. कोळशाची खाण उचलली तेव्हा त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मलाच लाज वाटली. इथं कोळसा कुठून आणायचा? तीस कोसांत खाण नाही. ती खोक्यात गेली. देऊळ त्यांनी डाव्या हातानं हळूच टेबलाच्या कडेला सरकवलं, काढलं नाही. जिन मी रस्त्याच्या बाजूला ठेवला होता. तिथं नाई. सायडिंगला लागून ठेवला, तर गप्प बसले. यांचं गप्प बसणं म्हणजे होकार, हे मला त्या दिवशी समजलं.

मग त्यांचं ते जुनं पालुपद मला आठवायला लागलं, आणि चीड अशी की आता ऐकायचं म्हटलं तर सांगणारा मुका. काय येते, काय जाते. जिनात कापूस येतो तो गाड्यांतून आणि ट्रॅक्टरमधून, रेल्वेनं नाही. जातात त्या गाठी. आणि सरकी? सरकी तेलगिरणीत जाते. म्हणजे तेलगिरणी टेबलाच्या त्या टोकाला कशी चालेल, मधे सगळं गाव ओलांडून सरकी नेणार कोण? उचलून जिनाच्या शेजारी ठेवली. गप्प. गिरणीतून तेल निघतं, ढेप निघते, ढेप गुरांना. मग गुरं पाहिजेत, आणि ती माझ्याकडं महालक्ष्म्यांची होतीच. दालमिलला यांनी खूप वेळ नाई म्हटलं. मला कळेना. शेवटी तिच्यासाठी केलेलं सायडिंग उपसून टाकलं आणि ती नुसती रस्त्यावर ठेवली, तेव्हा गप्प झाले. आमच्याकडची तूर आणि सोयाबीन ट्रकनंच येते-जाते, मी स्वतः बाजार समितीसमोर त्या ट्रकांच्या रांगेत ऑटोत बसून घाम गाळलाय. जे ट्रकनं जातं त्याला रूळ कायले पाहिजे? खताचं गोदाम मात्र धक्क्याजवळच पाहिजे, कारण खत येतं ते भरल्या मालगाडीनं, एकदम, आणि वेळेत उतरवलं नाही तर दंड बसतो. हे त्यांचे जुने बोल होते, हमालांना पहाटे घरोघरी जाऊन उठवल्याचे.

खोटं कशाला बोलू, चार दिवस मला बरं वाटलं. पण काम पुढं सरकलं तरी माणूस सरकला नाही. त्या दिवसांत मी शेजारच्या पोरीला वाटी देऊन पाठवलं, की बघू तिच्या हातून दोन घास घेतात का. नजर टेबलावर, पण तोंड मिटलेलं. नाई. डॉक्टरनं दिलेली तारीख जवळ येत होती आणि माझ्या उजव्या डोळ्यात आता नुसतं धुकं राहिलं होतं.

आणि मग ती जागा. मालधक्क्यासमोर तळहाताएवढी जागा रिकामी होती. तिथं मी सिमेंटचं दुकान ठेवलं. नाई. हमालांची चहाची टपरी ठेवली. नाई. कडुनिंबाचं झाड, पाण्याची टाकी, धान्याची रास, पेट्रोल पंप. नाई, नाई, नाई. एकदा तर त्यांनी झाड उचलून जमिनीवर फेकलं. माझा पारा चढला. आधीच दिसत नाही, बारीक झाडं चिमट्यानं चिकटवता चिकटवता बोटांना सरस लागून कातडी निघालेली.

मी ओरडले, "मंग ठेवू काय तिथं, माह्यं डोस्कं?"

ते माझ्याकडं पाहत राहिले. डोळ्यांत पाणी होतं की मलाच तसं दिसलं, सांगता येत नाही. मी आत जाऊन भांडी आपटली.

दोन दिवसांनी समोरच्या घराच्या बांधकामावर सिमेंट घेऊन ट्रक आला. आमची गल्ली कशी, तर दोन मोटारसायकली समोरासमोर आल्या तर एकीनं ओट्यावर चढावं. ट्रक आत आला खरा, पोती उतरली, पण आता फिरणार कुठून? ड्रायव्हर पुढं घेतो, मागं घेतो. भाजीवाला ओरडतोय, आमच्या ओट्याचा कोपरा गेला, सगळी गल्ली ट्रकवाल्याला शिकवायला जमा झाली. हे खिडकीशी बसले होते. एकदम त्यांनी टेबलावर डाव्या हाताची थाप मारली. मी घाबरून धावले, म्हटलं पुन्हा झटका आला की काय. त्यांनी खिडकीतून ट्रककडं बोट केलं, मग टेबलावरच्या त्या रिकाम्या जागेकडं, आणि तिथं बोटानं एक गोल काढला. पुन्हा काढला.

ट्रक फिरायला जागा. एवढंच. मालगाडी आली, हमाल आले, पोती उतरली, पण ट्रक धक्क्याला पाठ लावणार कुठून आणि वळून जाणार कुठून? तिथं काही ठेवायचंच नव्हतं. मी महालक्ष्म्यांच्या सवयीनं ती जागा भरत होते आणि हा माणूस जिवाच्या आकांतानं सांगत होता, की सोड ती.

मी म्हटलं, ट्रक फिरायले जागा ठेवायची का? ते गप्प बसले. मी पदरानं ती जागा पुसून घेतली.

एवढं झाल्यावर धक्क्याचं पुठ्ठ्याचं छप्पर अगदीच वाकडं दिसायला लागलं. आमच्या चौकात एक टीनवाले भाई आहेत. उन्हाळ्यात कूलर करतात, एरवी धान्याच्या कोठ्या आणि पेट्या. पावसाळा सरल्यावर त्यांचं काम मंदच असतं. मी जाऊन सांगितलं, बाबूजींच्या गाडीला टिनाचं छप्पर पाहिजे, हे एवढं एवढंसं. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मग स्वतःच कातर आणि पत्र्याचे तुकडे घेऊन घरी आले.

आमच्याकडं येणारं माणूस आधी यांच्या तब्येतीची चौकशी माझ्याकडं करतं, यांच्यादेखत, जणू हे भिंत आहेत. मीही तसंच करायला लागले होते. भाईंनी माझ्याकडं पाहिलंच नाही. खुर्ची ओढून यांच्या शेजारी बसले, पत्रा टेबलावर ठेवला आणि रेघ मारायला लागले. पत्रा सारखा हलत होता. त्यांनी यांचा उजवा, निर्जीव हात उचलला आणि पत्र्यावर वजनासारखा ठेवून दिला.

"बाबूजी, इथंच राहू द्या. टीन हालते."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. या हाताला मालिश करायला आलेल्या एकाला यांनी लोटून दिलं होतं. आता लोटतील, म्हटलं, कातर तरी फेकतील. त्यांनी काही केलं नाही. हाताखालच्या पत्र्याकडं बघत बसले. भाईंनी रेघ मारली, कापलं, दुसरा तुकडा घेतला आणि हात उचलून त्यावर ठेवला. वर्षभर तो हात मी धुतला, पुसला, चोळला, व्यायाम दिला. त्याला काम मात्र कुणी दिलं नव्हतं.

मी चहा दिला. भाईंनी आपला चहा प्यायला, मग यांचा बशीत ओतला आणि एका हातात कातर तशीच धरून दुसऱ्या हातानं बशी यांच्या ओठांना लावली. हे प्यायले. सगळा. हनुवटीवर आलेला ओघळ भाईंनी आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्यानं टिपला आणि परत छपराकडं वळले. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही, लगेच तरी नाही. मला राग आला. इतके दिवस माझी कंबर मोडली आणि हा गडी पहिल्या दिवशी येऊन बशी लावून मोकळा. मग मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

भाई रोज यायला लागले. धक्का झाला, खताच्या गोदामाला पन्हाळी झाली, जिनाला धुराडं झालं. एक दिवस दुपारचा घासही त्यांच्याच हातून गेला, मी बाजारातून यायच्या आत. मी घाबरत घाबरत डोळ्यांचं सांगितलं. भाई म्हणाले, माझे अब्बा दोन वर्षं अंथरुणावर होते, आंघोळ, कपडे, सगळं मीच केलं, मला काही नवीन नाही. आणि पुढं म्हणाले,

"भाभी, तुमी डोळे करून या. बाबूजी आन् मी गाडी पाहून राह्यलो."

लेकीनं अकोल्याला थेट पोहोचायचं ठरवलं. मी बॅग भरली. तीन दिवस आधीपासून भाईंना सांगत होते, ही गोळी जेवणाआधी, ही नंतर, पाठीखाली उशी, वरण पातळ. ते ऐकून घ्यायचे. यांना मात्र मी सांगायचं टाळत होते. शेवटच्या क्षणी नाई म्हणाले तर माझे पाय उचलणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. आणि म्हणणारच. दुसरा शब्दच कुठं आहे त्यांच्याकडं?

निघायच्या सकाळी ऑटो गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली. भाई यांच्या शेजारी बसले होते. टेबलावर पुठ्ठ्याचा एक ट्रक नव्यानं आला होता आणि हे डाव्या हातानं त्याला त्या मोकळ्या जागेत वळवून धक्क्याला पाठ लावत होते. चाक रुळाला अडत होतं. मी उंबऱ्यात उभी राहून म्हटलं, येतो मी. डोळ्याचं करून येतो. चार-सहा दिवस लागतील.

त्यांनी ट्रकवरून हात काढला. माझ्याकडं पाहिलं. तोंड वाकडं झालं, जीभ आत कुठंतरी चाचपडली, गळ्याची शीर फुगली. मी बॅग खाली ठेवायला वाकलेच होते.

"जाय," ते म्हणाले.

भाईंनी मान वर केली. आमच्याकडं निघालेल्याला जाय म्हणत नाहीत, अशुभ मानतात. या म्हणावं, सावकाश या म्हणावं. वर्षभर मी वाट पाहिली, डॉक्टरांना विचारलं, नवस बोलले, की नाईशिवाय एखादा शब्द निघू दे, माझं नाव नको, चहा म्हणा, पाणी म्हणा. आणि निघाला तो हा. त्यांनी पुन्हा एकदा म्हटलं, जाय, थोडं स्पष्ट, आणि डाव्या हातानं मला दाराकडं लोटल्यासारखं केलं.

मी गेले. ऑटोत बसल्यावर रडू फुटलं ते एसटी स्टँड आलं तरी थांबेना. ड्रायव्हर आरशातून पाहत होता. मी त्याला पाहू दिलं. डोळ्यांना पाणी लागू द्यायचं नाही, हे ऑपरेशन झाल्यानंतरचं होतं. त्याआधी मनाई नव्हती.